दोनशे चाळीस दिवसांची वही

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
९ नोव्हेंबर २०२५

विषय : झाल्या प्रकाराचा खुलासा.

करुणा,

जयभीम. तू म्हणशील, पोटच्या पोरीला पत्र लिहिताना कोण विषय टाकतं? काय करू, तीस वर्षं मी अर्जच लिहिले. स्वतःचे, दुसऱ्यांचे, अंगठा लावणाऱ्यांचे. विषय टाकल्याशिवाय माझा पेनच पुढं सरकत नाय.

फोन तू उचलत नाहीस. आईच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. म्हणून हे टपालानं. तू वरची खोली सोडून गेलीस, त्या पुण्याच्या घराचा पत्ता अभयनं दिला. त्याच्यावर चिडू नको, जावयाच्या पाया पडायचाच मी तेवढा बाकी राहिलो होतो. तुझी आई म्हणते, "तुम्ही काय लिवायचं ते लिवा, मी पेटीत टाकते. पण मला वाचून दाखवू नका. माझं टाळकं फिरतं."

मुद्द्याचं लिहितो. तुझं काम गेलं, तुझ्यासोबत आणखी सहा जणींचं गेलं, त्या दिवशी तू जिन्यात उभी राहून म्हणालीस, "आप्पा, तुम्ही माझं वाटोळं केलं." मी तेव्हा बोललो नाय. आता बोलतो. मी काय केलं? कंपनीला एक चौकशीचं पत्र टाकलं. एवढंच. बापानं पोरीच्या मालकाला दोन प्रश्न विचारले तर काय आभाळ कोसळलं?

दोन वर्षं तू वरच्या खोलीत बसून नेदरलँडच्या कंपनीचं काम केलंस. शाळांना बाकं-खुर्च्या विकणारी कंपनी, तिच्या गिऱ्हाइकांच्या ईमेलला उत्तरं द्यायची. दुपारी साडेबाराला बसायचं, नऊला उठायचं. वेळ त्यांनी ठरवलेली. सुट्टी त्यांनी ठरवलेली. कंप्युटरसुद्धा त्यांनीच पाठवलेला. आणि करारावर काय, तर 'स्वतंत्र कंत्राटदार'! म्हणजे फंड नाय, दवाखान्याचं कार्ड नाय, बाळंतपणाची रजा नाय. तू मला तो करार हसत हसत वाचून दाखवलास. मला हसू आलं नाय. वाळूजच्या कारखान्यात मी सात वर्षं ठेकेदाराकडं काढली, असला कागद मी वासावरून ओळखतो.

जूनमध्ये तू दवाखान्यातून रिकाम्या हातानं घरी आलीस. कंपनीला व्हायरल ताप सांगून पाच दिवस घेतलेस, बिनपगारी, आणि सोमवारी परत त्या खुर्चीत बसलीस. पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून बसलीस, आईनं सांगितलं मला. कायदा म्हणतो, अशा बाईला सहा आठवडे भरपगारी रजा. सहा आठवडे! तुला पाच दिवस. हे बघून गप्प बसायचं असतं तर मी आयुष्यभर युनियनमध्ये काय गवत उपटलं?

कंपनी इतकी भित्री निघंल हे मला काय माहीत? चूक झाली असंल तर त्यांची. माझा हेतू तुला ठाऊक आहे.

नळाला आज नवव्या दिवशी पाणी आलं. तुझ्या खोलीतला माठ आईनं भरून ठेवला, का ते तिलाच माहीत.

आप्पा


उस्मानपुरा
३० नोव्हेंबर २०२५

विषय : मागील पत्रातील मजकुरात दुरुस्ती.

करुणा,

उत्तर नाय आलं. अभय फोनवर सांगत होता की तू पत्र वाचलंस, "चौकशीचं पत्र?" एवढंच म्हणालीस आणि फ्रिजवर ठेवून दिलंस. बरं. दुरुस्ती करतो.

चौकशीचं पत्र नव्हतं ते. तक्रार अर्ज होता. कामगार ऑफिसात दिला, त्यावर आवक शिक्का मारून घेतला आणि शिक्क्याची प्रत रजिस्टरनं नेदरलँडला धाडली. पत्ता त्यांनी नाताळात तुला चॉकलेटचा डबा पाठवला होता त्यावरून उतरवला. इंग्रजी कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून करून घेतलं.

यात लपवण्यासारखं काय आहे? आपल्याकडं हे असंच करतात. पुंजारामची गोष्ट तू लहानपणापासून शंभरदा ऐकलीस, आणखी एकदा ऐक. माझ्या शेजारच्या प्रेसवर त्याची तीन बोटं गेली. ठेकेदार म्हणाला, हा माणूस आमच्याकडं कामाला नव्हताच. रजिस्टरात नाव नाय, गेटपास नाय. बोटं मशीनखाली पडलेली आणि माणूस कामावर नव्हता! त्या दिवसापासून मी वही ठेवायला लागलो. रोज कोण आलं, कोणत्या पाळीला आलं, कधी सुटलं. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायद्यानं माणूस नाकारता येत नाय. त्या वहीवर एकतीस जण कायम झाले. पुंजाराम झाला, मी झालो. या घराच्या विटा त्या वहीतून आल्या.

आणि पद्धत ठरलेली : अर्ज द्यायचा, शिक्का घ्यायचा, प्रत मालकाच्या टेबलावर ठेवायची. शिक्का बघितला की मालक बोलणीला येतो. मला वाटलं, हाही येईल. म्हणंल, बाई चांगली आहे, हुशार आहे, चला, तिला कायम करू.

पण वाळूजचा मालक शेड उचलून कुठं नेणार? तो बसतो, बोलतो, भांडतो. तुझा मालक चार ओळींचा ईमेल पाठवून मोकळा झाला. 'भारतातील कायद्याप्रमाणे आपण आमचे कर्मचारी ठरण्याची शक्यता आहे, हा धोका आम्ही घेऊ शकत नाही.' तीस दिवसांत सातही जणी बंद. कायद्याच्या नुसत्या सावलीनंच पळाला.

कामगार ऑफिसातले साहेब मला अर्ज घेतानाच म्हणाले होते, "कडुबाजी, तुमची वही एक नंबर आहे. पर नोटीस भेजू किसको? कंपनीचं इथं ऑफिस नाय, मॅनेजर नाय, भिंतीवर पाटीसुद्धा नाय." मी म्हणालो, तुम्ही नुसता शिक्का मारा, पुढचं मी बघतो. हेही तुला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

अभयनं तुझ्या नव्या कामाच्या शोधाचं सांगितलं. एक कंपनी म्हणाली, आम्ही भारतात माणूस घेतो ते मधल्या कंपनीमार्फतच. ती इथला फंड, रजा, कायदा सगळं सांभाळते, पण ते परवडायला निदान दहा माणसं लागतात, तुझ्या एकटीसाठी नाय. दुसरी म्हणाली, आणखी दोन गिऱ्हाइकं दाखव, आमच्या एकट्याचंच काम केलंस तर तुमचा कायदा तुला आमची नोकर म्हणंल. तिसरीनं विचारलं, आधीचं काम का सुटलं? तू खरं सांगितलंस. मग त्यांचा फोन नाय.

खरं सांगायची खोड तुला माझीच. त्यामुळं पुढचंही खरं लिहितो.

अर्जावर तक्रारदार म्हणून तुझी सही आहे. ती मी केली. तुमच्या जुन्या घराच्या भाडेकरारावरची तुझी सही समोर ठेवून चार वेळा गिरवली, पाचव्यांदा जमली.

सातवीत प्रगतिपुस्तकावर तू माझी सही केली होतीस. गणितात नापास होतीस. मी तुला थोबाडीत मारली होती. आयुष्यात तेवढी एकदाच.

आप्पा


उस्मानपुरा
२१ डिसेंबर २०२५

विषय : शपथपत्राचा मसुदा मिळाल्याबाबत.

करुणा,

अभय काल येऊन गेला. जेवला नीट. आईनं शेंगदाण्याची चटणी दिली आहे, डबा परत पाठव.

कागद मिळाला. आयर्लंडच्या कंपनीनं तुला निवडलं हे ऐकून मला लई बरं वाटलं. दवाखान्यांच्या भेटीच्या वेळा लावायचं काम आहे म्हणे, तुझ्यासारखीलाच जमंल. पण त्यांच्या फॉर्ममध्ये प्रश्न आहे : आधीच्या कामासंबंधी कुठल्या सरकारी कार्यालयात तक्रार किंवा दावा चालू आहे का? आणि तुझ्या नावाची तक्रार तिथं पडून आहे. पंधरा जानेवारीच्या आत ती निकाली निघाली नाही तर काम दुसऱ्याला.

तुझ्या वकिलीणबाईंनी लिहिलेली तिन्ही कलमं वाचली. एक, तक्रार तुझ्या माहितीशिवाय दिली. दोन, सही तुझी नाही, माझी आहे. तीन, तू त्या कंपनीकडं स्वतःच्या मर्जीनं, स्वतंत्रपणे काम करत होतीस.

करुणा, मी सही केली नाय. अभयला तसंच परत धाडलं. बूट घालताना त्यानं नाडी दोनदा बांधली, दोनदा सोडली.

कारण ऐकून घे. मंगळवारी मी युनियनच्या खोलीत बसतो हे तुला माहीत आहे. सध्या अठरा पोरांची केस चालू आहे, सगळी ठेक्यावरची, सहा-सहा वर्षं राबलेली. गावाकडून आलेली, एका खोलीत पाच पाच राहणारी. त्यांची हजेरी मी गेली तीन वर्षं माझ्या वहीत लिहिली आहे. फेब्रुवारीत माझी साक्ष आहे. मी जर शपथेवर लिहून दिलं की मी दुसऱ्याची खोटी सही केली, तर समोरचा वकील काय करंल? माझी वही उचलंल आणि विचारंल, यातलं किती खोटं? अठरा घरं आहेत ती. एकीकडं माझी एक पोर, एकीकडं अठरा. तूच सांग.

आणि तिसरं कलम. ते खोटं आहे. तू स्वतंत्र नव्हतीस. दुपारी बारा पंचवीसला तू तोंडातला घास टाकून पळायचीस. मी खाली बसून बघायचो. वर छतावर तुझ्या खुर्चीची चाकं फिरली की वहीत टिक करायचो. व्हय, तुझीही वही आहे. सप्टेंबर चोवीसपासून. ऑगस्टमध्ये दोनशे चाळीस भरले, दुसऱ्या दिवशी मी कामगार ऑफिसला गेलो.

अभय निघताना दारात थांबला. म्हणाला, "आप्पा, काम गेल्याचं तिला तेवढं नाय लागलं. तुम्ही ते लिहिलंत, ते लागलं."

मला कळलं तो कशाबद्दल बोलतोय. आईला कळलं नाय. ती म्हणाली, "काय लिवलं? आता आणि काय लिवलंत?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाय. ताट वाढते आणि स्वयंपाकघरात जाते.

मी अर्जात तुझ्या तोंडी लिहिलं होतं. 'मी चौथ्या महिन्यात बाळ गमावून पाच दिवसांत कामावर बसले.' मला वाटलं, हे वाचून त्यांना लाज वाटंल. तू कंपनीला ताप सांगितला होतास. अभयच्या घरी सांगितलं नव्हतंस. सोबतच्या सहा जणींना सांगितलं नव्हतंस. ते टायपिस्टनं वाचलं, कारकुनानं वाचलं, साहेबानं वाचलं, आणि परदेशात कोणी कोणी वाचलं देव जाणे. देव मानत नाय मी, पण दुसरा शब्द सुचला नाय.

यावर मला खुलासा करता येत नाय.

आप्पा


उस्मानपुरा
४ जानेवारी २०२६

विषय : सोयगावला जाऊन आलो त्याबाबत.

करुणा,

सहा जणींपैकी मला एकटीचाच पत्ता माहीत होता, तुझ्या श्रेयाचा. मागच्या वर्षी ती आपल्याकडं दोन दिवस काम शिकायला राहिली होती ना, जाताना आईला सीताफळं पाठवते म्हणाली आणि खरंच पाठवली. तिला भेटावं वाटलं. का वाटलं ते मलाही नीट सांगता येत नाय. खरं सांगायचं तर वाटलं, ती तरी म्हणंल की काका, तुम्ही बरोबर होता.

सकाळच्या एसटीनं गेलो. सिल्लोडला अर्धी गाडी रिकामी झाली, फर्दापूरपासून पुढं मी आणि कंडक्टर. घर शाळेमागं आहे. दारात तिची सासू भागूबाई मिरच्या वाळत घालत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "वहीवाले कडुबा तुम्हीच व्हय? तुमच्या वहीनं माझ्या सुनंचं काम गेलं." मी म्हणालो, व्हय, मीच. मग म्हणाल्या, "बसा. उन्हात उभे राहू नका."

चहा आला. श्रेया आली. हात पिठाचे होते. आता ती गावातल्या एका दुकानात बसते, दुपारपर्यंत. पोरगी अगदी मऊ बोलते, त्यामुळं जास्तच लागतं. म्हणाली, "काका, सोयगावात बसून नेदरलँडचं काम मिळतं हे इथं कुणाला पटत नव्हतं. करुणाताईंनी मिळवून दिलं. मी घरातनं काम करते म्हटल्यावर सासूबाईंनी माझ्यासाठी वेगळी खोली केली. दारावर पडदा लावला. कुणी आत यायचं नाय म्हणून सगळ्यांना दम दिला." आतून भागूबाई म्हणाल्या, "पडदा आहे अजून."

मी तिला कायदा समजावून सांगायला लागलो. काय मूर्ख माणूस मी! फंड, रजा, दोनशे चाळीस दिवस. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, हे सगळं आम्हाला माहीत होतं. ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, यात रजा नाय, फंड नाय, उद्या बंद होऊ शकतं, बघा पटतंय का. आम्ही विचार करून हो म्हणालो. आम्हाला ते हवं नव्हतं असं नाय. पण मागायचं का, कधी मागायचं, किती धोका घ्यायचा, ते आम्ही सात जणी ठरवणार होतो ना?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

मग तिनं विचारलं, "त्या एकतीस जणांना तुम्ही विचारलं होतं का हो?"

पोरी, तुला ठाऊक आहे याचं उत्तर. तू लहानपणापासून ऐकलंयस. आपल्या युनियनचा रिवाज : अर्जावर सही ज्याची त्यानं करायची, सगळ्यांसमोर, अर्ज मोठ्यानं वाचून झाल्यावर. मी एकेकाच्या खोलीवर गेलो होतो. खरं तर आम्ही बत्तीस होतो. एकाच्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं, तो म्हणाला, मला आत्ता नको, काम गेलं तर लग्न मोडंल. आम्ही त्याला एका शब्दानं बोललो नाय. त्याचं पान वहीतून काढून त्याच्या हातात दिलं. पुंजारामचीसुद्धा सही कुणी घेतली नाय. उरलेल्या बोटांत पेन धरून त्यानं स्वतः केली, दहा मिनिटं लागली, सगळे थांबले.

परक्या एकतीस माणसांना विचारलं. तुला नाय विचारलं. तुझ्या खोलीला सतरा पायऱ्या आहेत, तेवढ्या चढून नाय विचारलं. माझीच पोर आहे, तिला काय विचारायचं, असं वाटलं.

मी श्रेयाला एवढंच म्हणालो की, चुकलं माझं. भागूबाईंनी बाहेर येऊन हातावर गुळाचा खडा ठेवला. म्हणाल्या, "आता तिला सांगा हे. आम्हाला सांगून काय उपयोग?"

परतीच्या गाडीत खिडकीची काच बंद होत नव्हती. थंडी वाजत होती, पण जागा बदलली नाय.

आप्पा


उस्मानपुरा
१२ जानेवारी २०२६

करुणा, पोरी,

मंगळवारी युनियनच्या खोलीत अठराही पोरांना बोलावलं. उभं राहून सांगितलं, मी माझ्या मुलीची खोटी सही केली आहे आणि ते शपथेवर लिहून देणार आहे, तुम्ही माझ्या साक्षीवर अवलंबून राहू नका. संघपाल म्हणून एक आहे, त्यांच्यातला बोलणारा, तो म्हणाला, "आप्पा, मग आमच्या वहीचं काय?" मी वही त्याच्यासमोर ठेवली. म्हणालो, तुमची हजेरी तुम्ही लिहायला पाहिजे होती, मी हौसेनं लिहीत बसलो. आजपासून तुम्ही लिहा, रोज, ज्याची त्यानं. तो म्हणाला, "गेटवरचे फोटो आहेत आमच्याकडं, मोबाइलमध्ये, वर्षभराचे. वकिलाला दाखवतो. बघू." दोघं-तिघं माझ्याकडं न बघता उठून गेले. शुक्रवारी युनियनचा निरोप आला, केस होईपर्यंत मंगळवारी बसू नका. बरोबर आहे त्यांचं. तरी मंगळवार आला की कपडे घालून बसेन मी, सवय आहे.

आज सकाळी नोटरीकडं गेलो, तिथून कामगार ऑफिसात. पहिलं कलम, दुसरं कलम, जसंच्या तसं. तिसरं मी खोडलं. तू चिडू नको, आधी वाच. त्याच्या जागी लिहिलं : 'ती कामगार होती की कंत्राटदार, हे सांगण्याचा अधिकार तिचा आहे. तिच्या वतीनं मी बोलायला नको होतं.' तुझ्या वकिलीणबाईंना फोन करून वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, चालेल, तक्रार मागे गेली म्हणजे झालं. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "कडुबाजी, इस उमर में ये सब क्यों?" मग म्हणाले, सहीच्या बाबतीत पुढं काय करायचं ते वरचे ठरवतील, घरी कागद येऊ शकतो. येऊ द्या म्हणालो. जुना अर्ज मी परत मागितला, दप्तरी लागला आहे, मिळत नाय म्हणाले. त्यातली ती ओळ मला काढून आणता आली नाय, करुणा. लई विनवलं. ती तिथंच राहिली.

'तक्रार मागे घेतली, प्रकरण बंद' असा शिक्का मारलेली प्रत सोबत आहे. अभय आज इथं आलाय, उद्या सकाळी सिडकोच्या स्टँडवरून पुण्याला निघणार आहे, त्याच्या हाती देतो. पंधराच्या आत पोचते.

तुझी वहीही देतोय. जाळायला काढली होती. आधी एकदा चाळली. सोळा जून ते वीस जून, पाच दिवस. त्या पाचही दिवसांपुढं माझ्या अक्षरात लिहिलंय, 'गैरहजर'. लाल पेननं. ठेक्यावरच्या माणसापुढं लिहावं तसं. त्या पाच दिवसांत तुझी आई दिवसातून दहा दहा वेळा जिना चढली. मी खाली खुर्ची टाकून बसलो होतो. वरून काही आवाज येत नव्हता. बापानं अशा वेळी पोरीला काय विचारायचं, मला सुचलं नाय. हातात वही होती, ती लिहिली.

तुझ्या नावावर मी रेघ मारली आणि पाचही ठिकाणी माझं नाव लिहिलं. कडुबा, गैरहजर. कडुबा, गैरहजर. खाली आजची तारीख टाकून सही केली आहे. माझी स्वतःची. वहीत अशी खाडाखोड झाली की ती पुन्हा पुराव्याला चालत नाय, हे मला चांगलं माहीत आहे.

तुझ्या आईनं आज म्हटलं, "दाखवा वाचून, काय लिवलंत ते." हे सगळं वाचून दाखवलं. वहीला कागद गुंडाळून दोरा तिनंच बांधला.

आप्पा